पऱ्हाटीचा बायोचार: खड्ड्यापासून वावरापर्यंत

कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उरते. एकरी साधारण टनभर वाळलं लाकूड. पूर्वी त्यातलं बरंचसं चुलीत जायचं. घरोघरी सिलिंडर आल्यापासून ते धुऱ्यावर (बांधावर) पडतं आणि एखाद्या संध्याकाळी पेटवून दिलं जातं. न पेटवता तसंच ठेवलं तर त्रास आणखी वाढतो. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून बसते आणि पाऊस पडला की पतंग होऊन नव्या कपाशीवर येते. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने या अळीचा जो मार खाल्ला तो विसरण्यासारखा नाही. फरदड घेऊ नका (म्हणजे वेचणी संपल्यावर तीच झाडं पुढच्या बहरासाठी राखू नका), पऱ्हाटी रचून ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो ते याचसाठी.

म्हणजे पऱ्हाटी हलवायची तर आहेच. मग ती अशी जाळावी की मागे राखेऐवजी कोळसा उरेल, आणि तो कोळसा जमिनीत जाईल. या कोळशालाच बायोचार म्हणतात. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने यासाठी पत्र्याच्या पिंपाची भट्टी केली आहे, पण पिंपात पऱ्हाटी तोडून भरावी लागते आणि एका वेळी माल थोडाच निघतो. एकर-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला मी खड्ड्याची पद्धत सुचवेन. पैसे जवळपास लागत नाहीत. खड्डा, पाणी आणि दोन माणसांचा अर्धा दिवस लागतो.

कार्बनचा हिशेब

वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा झाडाने हवेतून घेतलेला असतो. उघड्यावर जाळली की तो त्याच दिवशी हवेत परत. रोटाव्हेटरने जमिनीत मिसळली तर जिवाणू आणि बुरश्या तो खातात. जमिनीला त्याचा फायदा होतोच, पण काही वर्षांत बहुतेक कार्बन निघून जातो. हवा तोडून ६०० ते ७०० अंश सेल्सिअसवर भाजली, तर कार्बनची रचना अशी घट्ट होते की जिवाणूंना ती सहजी फोडता येत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडं, खरकटं मिसळून घडवलेली काळी माती शेकडो वर्षांनी, काही ठिकाणी दोन हजार वर्षांनीही, काळीच आहे.

खड्ड्यात एक टन वाळलेल्या पऱ्हाटीचा साधारण २०० किलो बायोचार मिळतो. त्यात ७० टक्के कार्बन धरला तर १४० किलो. एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून हा आकडा ५०० किलोच्या थोडा वर जातो. पण बायोचारचा काही भाग कालांतराने कुजतो आणि जाळताना थोडा मिथेनही निघतो. ते वजा करून एकरामागे ३०० ते ४०० किलो धरावं. पऱ्हाटीतला जेमतेम तिसरा हिस्सा कार्बन कोळशात टिकतो, बाकीचा ज्वाळेतून जातोच, हेही ध्यानात असू द्या.

म्हणूनच ज्याला दुसरा चांगला उपयोग आहे ते खड्ड्यात टाकू नये. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचं कुटार गुरांचं आहे. उसाचं पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवलेलं कितीतरी बरं. पऱ्हाटी, जादा तुराटी, दाणे काढलेली मक्याची कणसं, धुऱ्यावर माजलेली वेडी बाभूळ, बागेच्या छाटणीच्या फांद्या हा खरा माल. भाताचा तूस खड्ड्यात नीट जळत नाही, तो दबून धुमसतो. काजूच्या टरफलांत अंगाला झोंबणारं तेल असतं आणि धूर तसाच निघतो, त्यांच्या वाटेला जाऊ नये. मल्चिंग पेपरचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, रंग दिलेलं लाकूड यातलं काहीही चुकूनसुद्धा आत जाऊ देऊ नका.

आधी मातीचा सामू बघा

बायोचारवर लिहिणारे बहुतेकजण ही पायरी गाळतात, आणि आपल्याकडे नेमकी तीच महत्त्वाची आहे. बायोचार अल्कधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ८ ते १० भरतो, त्यात राख जास्त असेल तर आणखी वर. २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधातल्या शेतांत उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, समशीतोष्ण देशांत मात्र वाढ दिसली नाही. २५ टक्के हा आकडा सगळीकडे छापला जातो. त्यामागचं मोठं कारण मात्र फारसं सांगितलं जात नाही: उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बऱ्याचशा आम्लधर्मी आणि हलक्या होत्या, बायोचारने तिथे चुन्यासारखं काम केलं, म्हणजे आम्लता कमी केली.

आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तिथे चुन्याचा फायदा शून्य. म्हणून मृदा आरोग्य पत्रिका काढा आणि बघा. कोकणातल्या जांभ्या मातीत बायोचार निर्धास्त वापरा. मुरमाड, बरड, पाणी न धरणाऱ्या वावरातही तो चांगला, कारण त्याच्या बारीक छिद्रांत ओल आणि अन्नद्रव्यं थांबतात. भारी काळ्या जमिनीत तो शेणखतात मुरवून, थोडा आणि मुळांजवळ द्यावा. सामू ८.५ च्या वर असेल किंवा वावर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं (जमिनीत आणि पाण्यात क्षार असलेल्या भागातलं) असेल, तर तिथे टाकूच नये. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्यालाही सांभाळून. लोह न मिळाल्याने तिथली पानं आधीच पिवळी पडत असतात, त्यात आपण भर घालायची नाही. अशा शेतकऱ्याने बायोचार गोठ्यात आणि उकिरड्यात वापरावा, ते पुढे येतंच.

पऱ्हाटी वाळवणं

उपटल्यावर मुळांची माती झटकून टाका. दोन-तीन आठवडे उन्हात उभी करून ठेवली तर फेब्रुवारीच्या उन्हात ती पुरेशी वाळते. त्याहून जास्त दिवस ठेवू नका, बोंडअळीचं कारण वर आलंच आहे. ओल २० टक्क्यांच्या आत हवी. मोजायला यंत्र नको: जाड बुडखा वाकवला की कडकन मोडला पाहिजे. नुसता वाकून सालीला लोंबत राहिला तर अजून ओला आहे. ओली पऱ्हाटी धूर देते, आणि धूर म्हणजे न जळालेले वायू, त्यातच मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड. हवामानाचं भलं करायला निघून धुराचे लोट सोडायचे, यात अर्थ नाही.

जाड आणि बारीक काड्यांचे दोन ढीग वेगळे करून ठेवा. जाळताना शोधाशोध करायला वेळ नसतो.

खड्डा

पऱ्हाटी चार-पाच फूट लांब असते, म्हणून गोल खड्ड्यापेक्षा लांबट खड्डा सोयीचा, तोडण्याचे कष्ट वाचतात. वरून ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल. बाजू सरळ खाली न नेता आत उतरत्या घ्या. तळाशी साधारण साडेचार फूट बाय दोन फूट राहील असं. उतरत्या भिंती महत्त्वाच्या आहेत. वर पेटलेल्या ज्वाळा तोंडाशी झाकणासारख्या पसरतात, हवेतला सगळा प्राणवायू त्या खाऊन टाकतात, आणि खालच्या निखाऱ्यापर्यंत हवा पोचत नाही. स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने २०१४ च्या सुमारास याच तत्त्वावर लोखंडी शंकूची ‘कॉन-टिकी’ भट्टी आणली. खड्डा हा तिचाच गरीब भाऊ.

काळ्या मातीत एक अडचण येते. फेब्रुवारीपर्यंत जमिनीला भेगा पडायला लागतात आणि त्या भेगांतून हवा थेट खड्ड्याच्या तळाशी जाते. मग कोळसा खालून जळत राहतो आणि सकाळी हाती राख येते. म्हणून आतल्या बाजू माती-शेणाच्या गाऱ्याने लिंपून घ्या आणि एक दिवस सुकू द्या. शक्य असेल तर वावरातली मुरमाड जागाच निवडा.

जागा झाडांपासून, गोठ्यापासून, विजेच्या तारांपासून आणि गंजीपासून लांब. भोवती दहा-पंधरा फूट गवत खरडून काढा. जंगलाला लागून वावर असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्यांचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच काम उरका आणि वनरक्षकाच्या कानावर घाला. वारा पडलेली सकाळ निवडा. दुपारी वावटळी उठतात तेव्हा पेटवू नका.

पेटवण्याआधी ३०० ते ५०० लिटर पाणी खड्ड्याजवळ भरलेलं हवं. बॅरल रिकामं आणि मोटार चालू करायला लाइटच नाही, हा खेळ जळत्या खड्ड्याजवळ नको.

पेटवणं आणि थर देणं

तळाशी जाड काड्यांची चौकट रचा, एकावर एक आडव्या-उभ्या, मध्ये पोकळी ठेवून, दोन फूट उंचीपर्यंत. वर बारीक काटक्या, वाळलं गवत. आणि पेटवा वरून. खालून पेटवली की वरच्या काड्या तापून धूर सोडतात; वरून पेटवली की उठणारा वायू वाटेत ज्वाळेतच जळतो. दहा-पंधरा मिनिटांत चौकट कोसळून निखाऱ्यांचा थर तळाशी पसरतो. तो बांबूने सारखा करा.

आता खरं काम. निखाऱ्यांवर पऱ्हाटीचा पातळ थर टाका, इतका पातळ की खालचा जाळ दिसत राहील. तो पेटेल, ज्वाळा उठतील, मग ओसरतील, आणि काड्यांवर राखेची पांढुरकी साय धरू लागेल. साय दिसली की पुढचा थर. उशीर केलात तर कोळशाची राख होते, घाई केलीत तर धूर होतो. ही नजर तासाभरात बसते. धूर दिसला तर पुढचा थर थांबवा, ज्वाळा वर येऊ द्या.

सुरुवातीच्या आणि मधल्या थरांत जाड बुडखे द्या, त्यांना भाजायला वेळ मिळतो. शेवटचा अर्धा तास फक्त बारीक काड्या. अंगठ्याहून बरीच जाड लाकडं, बाभळीची वगैरे, उभी चिरून घ्या, नाहीतर आत कच्ची राहतात. सुती कपडे आणि पायात बूट घाला. टेरिकॉटचा सदरा घालून जाळाजवळ जाऊ नये. एकाने थर द्यावे, दुसऱ्याने माल पुरवावा. लहान मुलं आणि गुरं लांब.

खड्डा भरायला तीन ते चार तास लागतात आणि सहा-सातशे किलो पऱ्हाटी त्यात बसते. एकराच्या पऱ्हाटीला दोन पाळ्या पुरतात.

विझवणं

शेवटच्या थरावर साय धरली की वेळ न घालवता विझवा. पाणी कडेने, हळूहळू सोडा. वाफ जोरात वर येते, तोंड बाजूला ठेवा, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. वरून भिजल्यासारखं दिसतं आणि तळाशी निखारे जिवंत असतात, म्हणून फावड्याने खालवर करत पाणी द्या. पाण्यात शेण-गोमूत्र कालवलं तर आणखी चांगलं, गरम कोळसा ते शोषून घेतो.

पाण्याची टंचाई असेल तर मातीने विझवता येतं. खड्ड्यावर अर्धा फूट ओलसर मातीचा थर, चांगला दाबून. कुठूनही धुराची रेघ निघाली तर तिथे गारा लिंपा. दोन दिवस उघडू नका. उघडल्यावरही बादलीभर पाणी हाताशी ठेवा, कारण थंड वाटणारा कोळसा हवा लागताच पुन्हा पेट घेतो. विझलेला माल त्याच दिवशी पोत्यात भरून घरात किंवा गोठ्यात नेऊन ठेवू नका. रात्रभर उघड्यावर, पसरून.

पारख

चांगला बायोचार हलका असतो, मोडताना काचेसारखा आवाज करतो, त्याला डांबराचा वास येत नाही. बोटांवर चोळा आणि नुसत्या पाण्याने धुवा. काळं निघून गेलं तर माल पक्का. तेलकट राहिलं, साबण लागला, तर कच्चा आहे. ते तुकडे पुढच्या पाळीत टाका. शंका असेल तर दोन कुंड्यांत मूग पेरा, एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि दहावा हिस्सा बायोचार. उगवण सारखी झाली पाहिजे.

मग ओला असतानाच ताडपत्रीवर पसरून पायाने किंवा धुम्मसने चेचा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला की पुरे, पीठ करू नका. कोरडा चेचाल तर धूळ छातीत जाईल. तोंडाला रुमाल हवाच.

मुरवल्याशिवाय वावरात नाही

ताजा बायोचार म्हणजे रिकामी कणगी. तो तसाच जमिनीत गेला तर आधी स्वतः भरून घेतो, जमिनीतला नत्र धरून ठेवतो, आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं. ‘बायोचार टाकला आणि नुकसान झालं’ अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

मुरवायचे तीन मार्ग आहेत. मला सगळ्यात आवडतो तो गोठ्याचा. चेचलेला बायोचार रोज थोडा गुरांच्या खाली, मुताच्या जागी पसरा. तो मूत्र शोषतो, गोठ्यातला अमोनियाचा वास कमी होतो, आणि शेणाबरोबर तो आपोआप उकिरड्यात जातो. वेगळे कष्टच नाहीत. दुसरा मार्ग शेणखताचा: एक घमेलं बायोचारला तीन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ओलावा ठेवून सावलीत महिनाभर. नवा कंपोस्टचा ढीग लावत असाल तर त्यातच दहावा हिस्सा मिसळा, नत्र उडून जाणं कमी होतं. तिसरा, घाईचा मार्ग जीवामृताचा. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधाची माती, हे नेहमीचंच. तयार जीवामृतात बायोचार बुडेल इतका भिजवा आणि आठवडाभर झाकून ठेवा.

फेब्रुवारीत जाळलं तर जूनपर्यंत चार महिने हातात असतात, तेव्हा घाईचा मार्ग सहसा लागू नये.

किती आणि कुठे

प्रयोगशाळांच्या चाचण्यांत हेक्टरी १० टन, २० टन असे आकडे असतात. ते आपल्याला झेपणारे नाहीत आणि गरजेचेही नाहीत. २०१५ मध्ये नेपाळमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला: गोमूत्रात भिजवलेला बायोचार हेक्टरी फक्त ७५० किलो, म्हणजे एकरी ३००, भोपळ्याच्या मुळांशी दिला. नुसतं गोमूत्र दिलेल्या भोपळ्याच्या तुलनेत उत्पादन चौपट आलं. एका पिकाचा, एका जागेचा निकाल आहे, कापसाला चौपटीची आशा धरू नका. पण थोडका माल, मुरवलेला आणि मुळांजवळ, ही दिशा त्यातून मिळते.

म्हणून एका एकराच्या पऱ्हाटीचा २०० किलो बायोचार पूर्ण एकरावर फेकू नका. अर्ध्या एकरात द्या आणि पुढच्या वर्षी उरलेल्या अर्ध्यात. दरवर्षी त्याच जागी देण्याची गरज नाही, तो कुठे जात नाही. कपाशीच्या टोकणीआधी ओळीवर सरी पाडून, शेणखतात मुरलेलं मिश्रण झाडामागे दोन ओंजळी या अंदाजाने टाका आणि मातीआड करा. हळदीला गादीवाफा करताना. भाजीपाल्याला रोपाच्या खड्ड्यात. फळझाडाला फांद्यांच्या घेराखाली अर्धा फूट खोल चर खणून, झाडामागे दोन-तीन किलो बायोचार बसेल इतकं मिश्रण. उघड्यावर फेकलेला बायोचार मात्र वाया गेलाच म्हणून समजा. कोरडा असला तर वाऱ्याने उडतो, पहिल्या सरीत तरंगत शेजाऱ्याच्या वावरात पोचतो.

आणखी एक खाचखळगा. बायोचार तणनाशकही शोषतो. पेरणीनंतर, उगवणीपूर्वी पेंडीमिथॅलिन मारत असाल तर त्या पट्ट्यात ते कमी काम करेल. तिथे डवरणी-निंदणीची तयारी ठेवा. तणनाशकाचा डोस वाढवून हे सोडवायला जाऊ नका.

पहिल्या वर्षी शेजारच्या चार ओळी बिनबायोचारच्या ठेवा, शेणखत तेवढंच द्या, नाहीतर फरक शेणखताचा की बायोचारचा हे कधीच कळणार नाही. पावसाच्या खंडात दोन्हीकडची माती मुठीत धरून बघा. प्रत्येक वेचणीचा कापूस वेगळा तोला.

कार्बन क्रेडिटचं काय?

हा प्रश्न हल्ली पहिला येतो. कार्बन क्रेडिट म्हणजे हवेत जाणारा कार्बन अडवल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. बायोचारच्या क्रेडिटसाठी पद्धती आहेत. अशा क्रेडिटची मानकं ठरवणाऱ्या वेरा या संस्थेने २०२२ मध्ये व्हीएम००४४ ही पद्धत आणली, आणि खड्डा-शंकूसारख्या साध्या भट्ट्यांसाठीही वेगळं मानक आहे. पण नोंदणी, तपासणी आणि प्रयोगशाळेचा खर्च एका शेतकऱ्याच्या २०० किलोंतून निघत नाही. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तरच विचार करावा. तेव्हाही मागितलं जातं ते हेच: कोणता माल जाळला, किती ओला होता, किती घमेली बायोचार निघाला, कधी विझवला, कोणत्या गट नंबरच्या वावरात टाकला, आणि तो शेणखतात किंवा मातीत मिसळला गेला याचे फोटो. मिसळणं अशासाठी की तो कोळसा नंतर कोणी इंधन म्हणून विकू नये. ही वही पहिल्याच खड्ड्यापासून ठेवायला काही पडत नाही. आणि क्रेडिट मिळवून देतो म्हणून कोणी आधीच नोंदणीचे पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.